शून्याची नोंद

रोज सकाळी साडेसात ते सात-चाळीस ही दहा मिनिटं मयुरी खरात शून्य असायची.

सातमाळा विद्यापीठाच्या मनोभार प्रयोगशाळेत उंच पाठीची एक साधी खुर्ची होती. तिच्यात बसायचं, डावं मनगट मापनयंत्राच्या खाचेत ठेवायचं, डोळे मिटायचे आणि गप्प राहायचं. यंत्र तिची नाडी घ्यायचं, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचं, घामातली ताणरसायनं तपासायचं आणि जो आकडा निघेल त्याला शून्य म्हणायचं. मग आवारातल्या चार हजार दोनशे विद्यार्थ्यांच्या मनगटांवरचे भारपट्टे त्या शून्यापासून मोजायला लागायचे.

यात जादू काही नव्हती. डोंगराची उंची सांगायची तर ती समुद्रापासून सांगतात. मनाच्या भाराला समुद्र नाही. उकाडा वाढला की सगळ्यांनाच घाम येतो, पट्ट्यांमधले संवेदक जुने होत जातात, आकडे भलतीकडे सरकतात. म्हणून रोज त्याच हवेत, त्याच बनावटीच्या संवेदकानं एका माणसाला मोजायचं आणि त्याचा आकडा बाकी सगळ्यांतून वजा करायचा. त्या माणसाला म्हणायचं संदर्भदेह. दोन वर्षांपूर्वी कुलगुरू सोडून विद्यापीठातल्या तीनशे जणांची महिनाभर चाचणी झाली. सगळ्यात शांत आणि स्थिर निघाली अंबडहून आलेली, आयटीआय झालेली, यंत्रं दुरुस्त करणारी बाई. योगशास्त्राचे विभागप्रमुख दोनशे एक्क्याऐंशीवे आले. तो कागद पुढं कुठं गेला ते कुणी विचारलं नाही.

शून्य होऊन झालं की मयुरी दिवसभर पट्टाखिडकीत बसायची. तुटलेले पट्टे जोडायचे, सेल बदलायचे, नव्यांना पट्टा बांधून द्यायचा. हल्ली खुर्चीत डोळे मिटले की पोरांचे आवाज कानात येत. झोपही धड लागत नव्हती. पस्तिशी ओलांडली, असं होणारच, असं ती मानायची.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास खिडकीत एक उंच पोरगा येऊन उभा राहिला. पट्टा मनगटावरून घसरून कोपरापाशी गेला होता, इतका हात वाळलेला.

"ताई, पट्टा बिघडलाय."

"काय करायलाय?"

"बरोबर दाखवत नाही."

पट्ट्यावर हिरव्या अंकांत चौतीस होता. नाव तुषार गावित, पदार्थविज्ञान, पहिलं वर्ष, गाव नंदुरबारकडचं. मयुरीनं नवा पट्टा बांधला. चौतीस. जुना पट्टा मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चाचणी-गादीवर ठेवून पाहिला. गादीनं द्यायचा तोच आकडा दिला. मग तिनं त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. तिची आई आशा कार्यकर्ती होती, नाडी बघायला तिनं शिकवलेलं. नाडी पळत होती, अडखळत होती, पुन्हा पळत होती.

"पट्टा चांगलाय रे," ती म्हणाली.

"मग मीच खोटा असेन." हे त्यानं भांडून नाही, हिशेब जुळल्यासारखं सांगितलं. "मी 'सखा'ला भेट मागितली होती समुपदेशनाची. तीन वेळा. तो म्हणतो, तुमचा मनोभार चौतीस आहे, आपण स्वस्थ आहात, श्वासाचा व्यायाम सुरू करू या का."

'सखा' म्हणजे विद्यापीठाचं बोलकं यंत्र. फोनमध्ये असायचं, चोवीस तास गोड बोलायचं. चाळीसच्या वर आकडा असला तरच ते माणसाची भेट द्यायचं. पासष्टच्या वर गेला तर तातडीची.

"काय होतंय तुला?"

"वर्गात काही कळत नाही. सहा आठवडे झाले. सगळे मान हलवतात, मीही हलवतो. वहीत रोज तारीख टाकतो. खाली काही नाही. नुसत्या तारखा." तो थांबला. "आणि यंत्र म्हणतं मी बरा आहे. मग हे सगळं नाटकच असेल ना माझं. आता तर वाईटही वाटत नाही."

"जेवलास कधी?"

"रविवारी."

मयुरीनं आवाज खाली आणला आणि सरळ विचारलं. असले प्रश्न आडवळणानं विचारले की उत्तरंही आडवळणानं येतात. "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?"

तो चपलांकडं बघत राहिला. मग त्यानं होकाराची मान हलवली. ही मान वर्गातल्यासारखी नव्हती.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं कामाच्या वेळेत खिडकीचं शटर खाली ओढलं. रांगेतल्या पोरांना "नंतर या" म्हणाली, तुषारचा हात धरला आणि त्याला नसीम बागवान यांच्या दारात नेऊन उभं केलं.

नसीम मॅडम विद्यापीठातल्या शेवटच्या समुपदेशक. पूर्वी तिघी होत्या. 'सखा' आल्यापासून दोघींची कंत्राटं संपवली आणि उरलेला कक्षही बंद करण्याचा ठराव दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मंजूर व्हायचा होता. कारण कागदावर सरळ होतं. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांचा सरासरी मनोभार शेचाळीस होता, आता एकोणीस. आजारीच नाहीत तर दवाखाना कशाला.

"आकडा?" नसीम मॅडमनी विचारलं.

"चौतीस."

"म्हणजे मी याला भेटले तर मला नोटीस." त्यांनी तुषारसाठी खुर्ची ओढली. "बस बाळा. आधी थोडं दूध पी. मग घरी कुणाशी बोलायचं ते तू सांग, आपण दोघं मिळून फोन करू. डॉक्टरांनाही बोलावते. आज तू एकटा राहणार नाहीस, एवढं ठरलं. बाकी सावकाश."

दुपारी, तुषारची मोठी बहीण गाडीत बसल्याचा फोन आल्यावर आणि डॉक्टर त्याच्यापाशी बसल्यावर, नसीम मॅडम प्रयोगशाळेत शिरल्या. तिथं डॉ. श्रीरंग आठल्ये होते. भारपट्टा त्यांच्याच डोक्यातून निघालेला. माणूस वाईट नव्हता. फक्त आकडे आले की त्याला माणसं दिसायची बंद व्हायची.

"सर, तुमचा सिद्धांत मला पुन्हा सांगा," नसीम मॅडम म्हणाल्या. "मयुरीलाही ऐकू दे."

"आत्ता?"

"आत्ताच."

आठल्ये सरांनी चष्मा पुसला. "मनोभार आपोआप नाहीसा होत नाही. माणूस मनापासून बोलतो आणि दुसरा मनापासून ऐकतो तेव्हा त्यातला काही भाग ऐकणाऱ्याच्या देहात जातो. दोघांची नाडी एका लयीत येते, ते आपण मोजलंय. याला भारसंक्रमण म्हणतात. मग प्रत्येक देह झोपेत थोडा भार विरवतो. तो निचरा. त्याला मर्यादा आहे. शंभराचा भार एकाच्या अंगावर राहिला तर तो मोडतो. दहा जणांत वाटला तर दहाही जण चार दिवसांत मोकळे होतात."

"निचरा कशात होतो?"

"देहात."

"'सखा'ला देह आहे?"

आठल्ये सरांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"पोरांचा भार सत्तावीसनं उतरला म्हणता. चार हजार दोनशे पोरं. यंत्रात तर तो जिरत नाही. तीन समुपदेशकांपैकी दोन तुम्ही घालवल्या, तिसरीला भेटी देत नाही. मग तो सगळा भार कुठं गेला, सर? तुमच्याच प्रबंधातलं विचारतेय."

"आकडे खोटे बोलत नाहीत, मॅडम."

"पोरगंही खोटं बोलत नाहीये."

पुढचे दोन तास नसीम मॅडम बोलल्या. नावानिशी, एकेका पोराबद्दल, पोरीबद्दल. आठल्ये सरांनी ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मयुरी तिथून उठून खिडकीत आली. तिचा पहिला संशय फसवणुकीवर होता. पोरं पट्टा दुसऱ्याला बांधत असतील. पहिल्या वर्षी दोघांनी मागच्या वस्तीतल्या म्हशीला बांधून पाहिला होता आणि म्हैस अतिशय समाधानी निघाली होती. पण आता पट्टा मालकाची नाडी ओळखायचा, दुसऱ्याच्या हातावर बंदच पडायचा. ती वाट नव्हती.

तिनं दुरुस्तीची नोंदवही काढली. दोन वर्षांपूर्वी दिवसाला सहा-सात पट्टे तुटून येत. गेल्या महिन्यात दिवसाला पस्तीस-चाळीस. पट्टा तोच, कारखाना तोच. तिनं टोपलीतले तुटके पट्टे उजेडात धरले. झिजलेले नव्हतेच ते. कापलेले होते. ब्लेडनं, कात्रीनं, एकदोन तर दातांनी. सरळ, मुद्दाम.

नासधूस करतात कार्टी, हे पहिलं मनात आलं. मग तिला एकेक चेहरा आठवायला लागला. पट्टा जोडायला दहा मिनिटं लागतात आणि त्या दहा मिनिटांत पोरं बोलायची. ताई, माझं असं झालंय. ताई, घरी सांगू नका पण. ती हातानं जोडायची आणि कानानं ऐकायची. साऱ्या विद्यापीठात आकडा न विचारता जिथं जिवंत माणूस समोर यायचा अशी जागा ही एकच उरली होती, आणि तिथं यायला पट्टा तुटलेला असावा लागायचा.

म्हणून पोरं पट्टे तोडत होती.

मयुरीच्या हातातली टोपली खाली आली. भार कुठं गेला ते तिला कळलं होतं. त्याच्या मागोमाग दुसरंही कळलं.

ती शून्य होती.

तिनं दुरुस्तीचा हातमापक काढला. तो काहीच वजा करत नसे, नुसता कच्चा आकडा द्यायचा. मनगटाला लावला. एकसष्ट. मग यंत्र बसवलं त्या दिवसाची वही शोधली. पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: संदर्भदेह, कच्चा आकडा चोवीस. त्यानंतर दोन वर्षांत एकही नोंद नाही. शून्यात काय नोंदवायचं, म्हणून कुणी नोंदवलंच नव्हतं.

सदतीसनं चढली होती ती. समुद्र सदतीस हात वर आला की डोंगर तेवढाच ठेंगणा दिसतो. पोरांची सरासरी एकोणीस म्हणजे खरे छप्पन. तुषारचे चौतीस म्हणजे एकाहत्तर.

आठल्ये सरांनी वही पाहिली, हातमापक पाहिला, वहीवरची तारीख पुन्हा वाचली. "यानं सिद्ध होत नाही," अखेर ते म्हणाले. "दोन वर्षांत संवेदक जुने झालेत, हवा वेगळी आहे. कच्चे आकडे असे जुळवता येत नाहीत. म्हणून तर आपण वजाबाकी करतो."

"मग आजच्या हवेत, याच यंत्रावर, दुसरा देह बसवू. तुम्ही बसा."

"मी चालणार नाही." त्यांचा चेहरा पडला. "मी आत्ताच नसीम मॅडमचं दोन तास ऐकलंय."

मयुरीला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. "मग कुणी न ऐकणारा बघू," ती म्हणाली.

गुरुवारी अकरा वाजता व्यवस्थापन परिषद ठराव मंजूर करायला मुद्दाम प्रयोगशाळेत भरली. मागं भारभिंत दिसायला हवी होती. भिंतीवर चार हजार दोनशे ठिपके, एका विद्यार्थ्याचा एक. चाळीसपर्यंत हिरवा, पासष्टपर्यंत पिवळा, वर लाल. भिंत शेतासारखी हिरवीगार होती.

कुलगुरू डॉ. विश्वंभर ठोसर प्रसन्न होते. त्यांनी आठल्ये सरांना विचारलं, "कसं चाललंय?" आणि उत्तर सुरू व्हायच्या आत फोनमध्ये बघू लागले. कुलसचिवांना विचारलं, "मुलं खूश ना?" आणि उत्तराकडं पाठ करून भिंतीकडं वळले.

"सर," मयुरी पुढं आली. "ठरावाआधी संदर्भदेह बदलून एकदा मोजायचंय. दहा मिनिटं लागतील."

"तुम्ही कोण?"

"दोन वर्षं मीच आहे शून्य."

कुलसचिव म्हणाले, "खरातबाई, त्याला कुलगुरूंची मंजुरी लागते."

"मंजुरी नको. मनगट पाहिजे."

कुलगुरू हसले. "मी बसतो ना. फोटो घ्या रे कुणीतरी. विद्यापीठाचा आधार कुलगुरूच, काय?"

ते बसले. मयुरीनं आधी सगळ्यांसमोर हातमापकावर स्वतःचा कच्चा आकडा घेतला. साठ. एक उतरला होता, कारण काल सकाळी अकरापासून खिडकी बंद होती. मग कुलगुरूंचा घेतला. बावीस.

आठल्ये सर पुटपुटले, "तीनशेत सगळ्यात शांत निघालेली चोवीस होती."

दहा मिनिटं कुलगुरू डोळे मिटून बसले. मग यंत्रानं नवं शून्य धरलं आणि भिंत बदलली. वरच्या डाव्या कोपऱ्यातून पिवळं सुटलं, त्यात लाल फुटलं आणि बघता बघता शेत पेटल्यासारखं झालं. खाली सरासरी आली. सत्तावन्न.

"यंत्र बिघडलं," कुलगुरू म्हणाले.

"हेच यंत्र आहे, सर. याच्यासाठीच तुम्ही गेल्या वर्षी पारितोषिक घेतलं."

"पण एका क्षणात एवढी मुलं आजारी कशी पडतील?"

"पडली नाहीत," आठल्ये सर म्हणाले. "होतीच. ती मयुरीला सांगत होती. तिचा भार चढत गेला, आम्ही तो रोज सगळ्यांतून वजा करत गेलो. ती जितकी ऐकायची तितकी मुलं आम्हाला बरी दिसायची. भार उतरलेला नाही. शेचाळीस होता, आता सत्तावन्न आहे. चूक माझी आहे. शून्य मी जिवंत माणसावर ठेवलं आणि त्या माणसाकडं पुन्हा पाहिलं नाही."

परिषदेतले एक सदस्य म्हणाले, "पण मग कुलगुरूसाहेब इतके शांत कसे?"

प्रश्न साधा होता. उत्तर प्रबंधात होतं आणि आठल्ये सरांना खोटं सांगता येत नव्हतं. "भार ऐकण्यातून येतो," ते म्हणाले. "जो कुणाचंच ऐकत नाही, त्याच्याकडं तो येत नाही."

कुलसचिव खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघू लागले.

मयुरीनं स्वतःचा आकडा नव्या शून्यापासून पाहिला. अडतीस. "तुमच्या नियमानं मलाही भेट मिळत नाही," ती म्हणाली, "हिरवी आहे मी. सर, हा चाळीसचा नियम आजच्या आज जायला पाहिजे. ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं. आकडा दारावर ठेवायचा नाही."

"आणि एवढ्या मुलांना भेटणार कोण?" कुलगुरू चिडले. "नसीमबाई एकट्या?"

"ज्याच्याकडं जागा आहे तो. हे मी नाही म्हणत, सरांचा सिद्धांत म्हणतोय. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याच्यात सगळ्यात जास्त मावतं." तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "तुम्ही अगदी रिकामे आहात."

नसीम मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांच्यामागं तुषार आणि सकाळी पोचलेली त्याची बहीण. भिंतीवर त्याचा ठिपका आता बहात्तर होता, लाल.

"तुषारला संध्याकाळी डॉक्टर घरी सोडणार आहेत, बहिणीसोबत, महिनाभर," नसीम मॅडम म्हणाल्या. "मी त्याला विचारलं, जाण्याआधी कुणाला काही सांगायचंय का. तो म्हणाला, मोठ्या सरांना. मी शेजारी बसेन. तुम्ही सल्ला द्यायचा नाही, मध्ये उठायचं नाही, फोन बाहेर ठेवायचा."

तुषारनं मयुरीला हळूच विचारलं, "ताई, ऐकतील ते?"

"आज ऐकतील," मयुरी म्हणाली. "जागा आहे त्यांच्यात."

कुलगुरूंनी परिषदेकडं पाहिलं. सोडवायला कुणी आलं नाही. पाठीमागची भिंत लालच होती आणि फोटो काढणारा अजून काढतच होता. ते आतल्या खोलीत गेले. मयुरीनं दार लावलं.

एक तास दहा मिनिटं लागली. तेवढ्यात ठरावाचा कागद पालथा घालून आठल्ये सरांनी मागं कायम नोकरीतल्या सगळ्यांची नावं लिहायला घेतली, कमी आकड्यापासून जास्तीकडं. एकेकाला बोलावून हातमापक लावायचा आणि नाव टाकायचं. योगशास्त्राच्या विभागप्रमुखांपाशी ते अडले.

"यांचा अठ्ठ्याण्णव आलाय. यांना ऐकायला बसवायचं?"

"यांना भेट द्या," मयुरी म्हणाली. "आजचीच."

दार उघडलं. तुषार बहिणीजवळ गेला आणि तिच्या डब्यातली पोळी न विचारता खाऊ लागला. कुलगुरू बाहेर आले. फोन टेबलावरच पडून होता, तो त्यांनी उचलला नाही.

"तो वहीत नुसती तारीख टाकतो," ते मयुरीला म्हणाले.

"हो."

"सहा आठवडे. मी वर्गावरून रोज जातो."

मयुरीनं त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं आणि शून्य नव्यानं घेतलं. भिंतीवरचे आकडे हलले. सत्तावन्नाचे चोपन्न झाले, काही लाल ठिपके पिवळ्यात आले. जुन्या सवयीनं आठल्ये सरांच्या तोंडून निघून गेलं, "उतरलं."

"उतरलं नाही, सर. यांचं चढलं."

तिनं पहिल्या दिवसाची वही उघडली. चोवीस आणि त्याखाली दोन वर्षांची कोरी पानं. तिनं साठ लिहिला आणि समोर स्वतःचं नाव. त्याखाली बावीस, त्याखाली पंचवीस, समोर कुलगुरूंचं. वहीला दोरा ओवून ती भिंतीच्या बरोबर खाली टांगली, आकडा बघणाऱ्याला वही दिसलीच पाहिजे अशी.

मग ती खिडकीवर गेली. शटर वर केलं तर रांग तशीच होती, अकरा पोरं, प्रत्येकाच्या हातात कापलेला पट्टा.

"ते खिशात घाला," ती म्हणाली. "बोलायला यायचं तर पट्टा तोडायची गरज नाही आता. वर सात दारं उघडलीत, तीन वाजेपर्यंत आणखी उघडतील. कुणाचं दार कुठलं ते कागदावर आहे. आत माणूस असेल, ऐकेल. नाही ऐकलं तर मला येऊन सांगा, मी बघते त्याच्याकडं."

पुढची मुलगी म्हणाली, "ताई, आम्हाला तुम्हालाच सांगायचंय."

"माझ्यात आज जागा नाही गं," मयुरी म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. "सोमवारी ये. तोवर मलाही कुणाला तरी सांगायचंय."

तिनं कागद चिकटवला, शटर ओढलं आणि नसीम मॅडमच्या दारासमोरच्या बाकावर, रांगेत दोन पोरांच्या मागं, जाऊन बसली.